‘मी’ म्हणायचं की नाही? : मायनर थ्रेट नावाच्या बँडची गोष्ट

पोटोमॅककाठचा:

गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेच्या प्रकल्पापायी वॉशिंग्टनच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात जाणं झालं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं आहे ते. ती पुस्तकांत घुसली आणि मी भटकत भटकत पंकच्या (म्हणजे वेगवान, खरखरीत रॉकच्या) संग्रहापाशी पोचलो. हो, सार्वजनिक ग्रंथालयात पंक. शहरातल्या पंक बँडांची पत्रकं, झेरॉक्स मासिकं, कॅसेटी असं सगळं या लोकांनी २०१४ पासून रीतसर जपायला घेतलंय. एका पत्रकापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेली, डिंकाचा डाग झेरॉक्समध्ये काळा उमटलेला, आणि कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं, ‘सगळ्या वयाच्यांना प्रवेश’.

ते वाचून हा धागा काढायचं ठरलं.

आर्लिंग्टनला राहून मला बारा वर्षं झाली. पोटोमॅक नदीच्या एका काठाला वॉशिंग्टन, दुसऱ्या काठाला आम्ही. ज्या गावात मी रोज दूध-भाजी आणतो त्याच गावातल्या एका भाड्याच्या घराच्या तळघरात मायनर थ्रेटची तालीम चालायची, हे मला कळलं फक्त तीन वर्षांपूर्वी. मंडळाच्या गणपतीत एकाला उत्साहाने सांगितलं तर म्हणाला, ‘तिथल्या शाळा चांगल्या आहेत का?’ असो.

तर गोष्ट अशी. १९७९-८०च्या सुमारास वॉशिंग्टनच्या विल्सन हायस्कूलमधल्या पोरांनी ‘टीन आयडल्स’ नावाचा बँड काढला. बास गिटारवर इयन मकाय, ड्रमवर जेफ नेल्सन. जेमतेम वर्षभर टिकला. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे वाटून न घेता ते एका सिगारच्या डब्यात टाकत. बँड मोडायची वेळ आली तेव्हा डब्यात सहाशेच्या आसपास डॉलर होते. वाटून घ्यावेत की आपल्या गाण्यांची रेकॉर्ड काढावी? रेकॉर्ड काढायचं ठरलं. म्हणजे बँड मेल्यावर त्याची पहिली रेकॉर्ड आली, आणि ती काढायला जी कंपनी जन्मली ती डिसकॉर्ड. आजही आहे.

कव्हरची गंमत ऐका. कव्हर कसं घडी करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. मग एका इंग्लिश सिंगलचं (एका-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) कव्हर सोडवून सपाट केलं, त्याचा आकार कागदावर छापून घेतला, आणि पोरं जमिनीवर बसून कात्री-डिंकाने हजार कव्हरं चिकटवत बसली. आपल्याकडे लग्नपत्रिकांना हळदीकुंकवाची बोटं लावायला घरचे सगळे बसतात, तसं.

त्या कव्हरवर दोन मुठी आहेत, एकमेकींवर आडव्या धरलेल्या, आणि हातांच्या पाठीवर काळ्या मार्करने काढलेली फुली. ती फुली सॅन फ्रान्सिस्कोहून आली. १९८०च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स तिकडे वाजवायला गेले. क्लबात दारू मिळते आणि ही पोरं अल्पवयीन, तर मालकाने दारातच हातावर फुल्या मारल्या, म्हणजे बारवाल्याने यांना दारू द्यायची नाही. पोरांनी घरी आल्यावर वॉशिंग्टनच्या क्लबवाल्यांना तोच तोडगा सुचवला. फुली मारा, दारू देऊ नका, पण आत तरी घ्या! भांडण दारूचं नव्हतंच, गाणं ऐकायला आत शिरता यावं एवढंच होतं. पुढे हीच फुली जगभरातल्या निर्व्यसनी पंक पोरांची खूण झाली.

इयन आणि जेफ यांना मग लायल प्रेस्लर (गिटार) आणि ब्रायन बेकर (बास) मिळाले. इयनने बास खाली ठेवला आणि माइक धरला. हा मायनर थ्रेट, डिसेंबर १९८०. पहिली रेकॉर्ड १९८१मध्ये, आठ गाणी, सगळी मिळून दहा मिनिटांच्या आत. ध्वनिमुद्रण डॉन झिएंटारा नावाच्या माणसाच्या घरच्या तळघरात, तेही आर्लिंग्टनलाच. त्यातलं ‘स्ट्रेट एज’ हे गाणं पाऊण मिनिटाचं आहे. आशय इतकाच, की मीही तुझ्यासारखाच माणूस, पण नशा करून पडून राहण्यापेक्षा मला बरी कामं आहेत. त्या पाऊण मिनिटातून त्याच नावाचा एक अख्खा पंथ निघाला आणि बँडच्या डोक्यावर बसला.

फूट तीनदा पडली असं मी मानतो.

पहिली १९८१च्या पावसाळ्यानंतर (इथे पावसाळा नसतो, पण तुम्हाला महिना कळावा). लायल नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकायला निघून गेला. बँड बंद. काही महिन्यांत त्याचं मन उडालं, तो परत आला, ‘बॅड ब्रेन्स’ या बँडचा गायक एचआर याने पोरांना पुन्हा उभं राहा म्हणून भरीला घातलं, आणि १९८२मध्ये बँड परत सुरू झाला. गावातल्याच पंक मंडळींनी टोमणे मारले, आता पैशासाठी आले. त्यावर यांनी ‘कॅशिंग इन’ नावाचं उपरोधाचं गाणंच करून टाकलं.

दुसरी फूट आतली, आणि माझ्या मते खरी हीच. ‘आउट ऑफ स्टेप’ नावाचं गाणं आहे. त्यात इयन तीन गोष्टी नाकारतो, सिगारेट, दारू आणि उथळ शरीरसंबंध. पण गाताना ‘मी’ हा शब्द खाल्ला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला हुकूम सोडतोय. जेफला ते खटकलं. म्हणाला, तू स्वतःबद्दल बोलतोयस की लोकांना शिस्त लावतोयस? १९८३च्या रेकॉर्डसाठी गाणं पुन्हा मुद्रित केलं तेव्हा मधेच इयन गाणं सोडून साध्या आवाजात बोलतो, की बाबांनो ही नियमावली नाही, तुम्ही काय करायचं ते मी सांगत नाहीये. पंक गाण्यात मधेच खुलासा! मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही. पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या शहरांतल्या पोरांनी पथ्याचा दंडुका केलाच.

तिसरी फूट शेवटची. मधल्या काळात ब्रायन दुसऱ्या गिटारवर गेला, बासवर स्टीव्ह हॅन्सगन आला, आणि पुढे तोही बाहेर पडला. लायल आणि ब्रायनला यू-टू या आयरिश बँडच्या वळणाचा मोकळा, मोठा आवाज हवासा वाटू लागला. इयनला ते नको होतं. तो तालमींना दांड्या मारायला लागला. २३ सप्टेंबर १९८३ला वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग इमारतीत शेवटचा कार्यक्रम झाला. हे जुनं बंद पडलेलं डिपार्टमेंट स्टोअर. सोबत ट्रबल फंक हा शहरातला गो-गो बँड आणि टेक्ससचा बिग बॉइज. डिसेंबरात तिघा-चौघांनी पुन्हा एकदा तळघरात जाऊन तीन गाणी मुद्रित केली. इयनने शब्द स्टुडिओतच लिहिले म्हणतात. शीर्षकगीत ‘सॅलड डेज’, त्यात चक्क अकूस्टिक गिटार. ‘ते दिवस सोन्याचे होते असं म्हणणं खोटं’ अशा अर्थाचं ते गाणं, आणि ते बाहेर आलं १९८५मध्ये, म्हणजे ऐकायला बँड शिल्लक नसताना.

अडीच-तीन वर्षं, सगळं मिळून एका बैठकीत ऐकून होईल एवढं संगीत. बँड पैशाने फुटतात असं आपण धरून चालतो. इथे चुलीवर पैसा चढायच्या आधीच सगळं संपलं. जो हेका बँड उभा करायला कामी आला त्याच हेक्याने तो मोडला.

आणि तरी इयन-जेफ यांनी डिसकॉर्ड एकत्रच चालवली, पुढची कित्येक वर्षं. घर मोडलं पण दुकान नाही मोडलं. भाऊबंदकीत आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

---

रंकाळ्याचा_वारा:

शीर्षकात ‘बँड’ वाचून आमच्या गल्लीतला बँड फुटला की काय म्हणून धावत आलो. लेख भारी. पण एक सांगा भाऊ, दहा मिनिटांत आठ गाणी? आमच्याकडे वरात देवळापासून कोपऱ्यापर्यंत जायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एकच गाणं चार वेळा होतं.

---

तुळशीमाळ:

लेख आवडला. स्ट्रेट एजचं वाचून हसू आलं. आमच्या घरात आजोबा, वडील, मी, तिन्ही पिढ्या स्ट्रेट एज! गळ्यात माळ घातली की दारू नाही, मटण नाही, परस्त्री मातेसमान. फक्त आम्ही हाताऐवजी गळ्यात खूण घालतो आणि गिटारऐवजी पखवाज.

गंमत सोडा, एक साम्य खरंच आहे. माळ घालणाऱ्यापेक्षा माळ घातलीय हे सांगणाऱ्याचा त्रास जास्त. आमच्या दिंडीतले एक जण दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे बघत चालायचे. त्यांना कुणी काही बोलायचं नाही, पण जेवायला त्यांच्या शेजारीही कुणी बसायचं नाही.

---

शंकासुर:

नेहमीप्रमाणे विरोधी सूर लावतो, हलके घ्या.

ज्या इयनचे वडील वॉशिंग्टन पोस्टमध्ये पत्रकार, ज्याचे मित्र खासगी शाळेत शिकणारे, त्याने कसलं बंड करायचं? इंग्लंडातली पंक पोरं बेकारभत्त्यावर जगत होती. ही पोरं जॉर्जटाउनच्या आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करून खिशात पैसे घेऊन घरी आईच्या हातचं जेवायला. दारू सोडली म्हणे! ज्याला परवडते त्यानेच सोडावी. लेखकाला त्या तळघराचं फारच कौतुक वाटलेलं दिसतं.

---

पोटोमॅककाठचा:

@शंकासुर, कौतुक वाटलंय, कबूल.

वडील पत्रकार होते हेही खरं. आइस्क्रीमचं दुकानही खरं, इयनचा लहानपणचा मित्र हेन्री (पुढे हेन्री रोलिन्स) त्याच दुकानात मॅनेजरपर्यंत चढला आणि १९८१मध्ये सगळं सोडून ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडमध्ये गायला निघून गेला. पण सुखवस्तू घरातली पोरं म्हणून त्यांचं खोटं, हे मला पटत नाही. त्यांच्या आजूबाजूच्या रॉकचा सगळा रुबाबच दारू-ड्रग्जवर उभा होता. जो पंधरा वर्षांचा आहे त्याला क्लबचं दार बंद, आणि आत जाणारा बेशुद्ध. त्या वयात ‘मला शुद्धीत राहून नाचायचंय’ म्हणणं हे माझ्या लेखी बंडच.

आणि डिसकॉर्डने बँडांशी लेखी करार केले नाहीत. रेकॉर्डची किंमत मुद्दाम कमी ठेवली, पोस्टेजसकट किती ते कव्हरवर छापलं, म्हणजे दुकानदाराला मधे हात मारता येऊ नये. घरी आईच्या हातचं जेवण असल्यामुळे हे जमलं असेलही. मग आईलाच श्रेय देऊ या.

---

व्याकरणवेडी:

मला संगीतातलं काही कळत नाही, पण तो ‘मी’चा मुद्दा वाचून थांबले.

हा बँड मराठी असता तर ते भांडण झालंच नसतं! इंग्रजीत ‘डोन्ट’ म्हटलं की ते ‘मी करत नाही’मधला कर्ता गाळलेलंही असू शकतं आणि ‘करू नका’ असा हुकूमही. मराठीत क्रियापदच चुगली करतं. ‘पीत नाही’ म्हटलं की ती माहिती, ‘पिऊ नका’ म्हटलं की आज्ञा, ‘पिऊ नये’ म्हटलं की कीर्तन. कर्ता खाल्ला तरी भाव लपत नाही. जेफ नेल्सनला कुणीतरी मराठी शिकवायला हवी होती.

---

सदाशिव_पेठी:

व्याकरणवेडी यांनी एक प्रकार सोडला. ‘येथे मद्यपान करू नये. केल्यास आमची हरकत नाही, पण मग येथे राहू नये. – हुकुमावरून.’

आमच्या वाड्याच्या दारावर पाऊण मिनिटात वाचून होणारी अशी पाटी होती. आजोबा पंक होते हे आज कळलं.

---

रंकाळ्याचा_वारा:

लोल. आजोबांची रेकॉर्ड कुठे मिळेल?

---

धोबीतलाव:

छान धागा. माझी पिढी मुंबईच्या रंगभवनची. धोबीतलावला, झेवियर्सच्या शेजारी, उघड्यावर. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव तिथे ऐकत मोठा झालो, दगडी पायऱ्यांवर बसून, पावसात भिजत. आसपास इस्पितळं म्हणून शांतता क्षेत्र झालं आणि रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले. आम्ही मेटलवाले. पंकवाल्यांना आम्ही ‘तीन कॉर्डवाले’ म्हणायचो, आता वाईट वाटतं.

पण एक प्रश्न. याच बँडचं गोरेपणाच्या अपराधाबद्दल एक गाणं आहे ना? ते ऐकून मी तेव्हाही चरकलो होतो. त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही. मुद्दाम गाळलं का?

---

पोटोमॅककाठचा:

@धोबीतलाव, पकडलंत. मुद्दाम नाही, पण टाळलं हे खरं, कारण त्यावर माझं मत अजून डुगडुगतं.

पार्श्वभूमी अशी. १९८०मध्ये वॉशिंग्टन शहरात सुमारे ७० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. विल्सन हायस्कूलमध्ये इयन अल्पसंख्य. गुलामगिरीच्या इतिहासाचा राग माझ्यावर का म्हणून निघावा, असा तो शाळकरी त्रागा आहे. वंशवादाच्या विरोधात लिहिलं असं तो कायम सांगत आला. मला त्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण गाणं हेतूसकट विकलं जात नाही. पुढे स्लेयर या मेटल बँडने ते गायलं तेव्हा शेवटी ‘गोरा’च्या जागी ‘उजवा, बरोबर’ असा दुहेरी अर्थाचा शब्द घातला आणि इयनला ते अजिबात आवडलं नाही. पण दार त्यानेच उघडं ठेवलं होतं. ‘मी’ खाल्ल्यावर जे झालं तेच इथे, ऐकणाऱ्याने रिकामी जागा आपल्या मनाने भरली. फरक एवढाच, की त्या गाण्याला मधे थांबून खुलासा जोडला नाही.

आणि ही पोरं वेगात वाजवायला शिकली कुणाकडून? बॅड ब्रेन्सकडून, म्हणजे वॉशिंग्टनच्याच चार कृष्णवर्णीय पोरांकडून, जे आधी जॅझ-फ्यूजन वाजवत. शेवटच्या कार्यक्रमात ट्रबल फंकला बोलावलं तेही त्यामुळे मला महत्त्वाचं वाटतं. गो-गो म्हणजे या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचं स्वतःचं नाचाचं संगीत, ढोल-काँगोवर तासन्‌तास न थांबता चालणारं. गोऱ्या पंक पोरांना ते ऐकवायचं होतं. रंकाळ्याचा वारा यांची वरात आणि गो-गो यांचं जमेल.

---

शंकासुर:

हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा बरा आहे. माझी शंका अर्धी मागे घेतो.

---

जुने_अंक:

कव्हरं चिकटवण्याचा भाग वाचून पन्नास-साठच्या दशकांतली आपली अनियतकालिकं आठवली. वडिलांच्या कपाटात काही अंक होते, सायक्लोस्टाइल केलेले. अक्षर फिकट, कागद आता इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात येतो. ‘शब्द’ १९५४चं, कोलटकर, चित्रे मंडळींचं. मग अशोक शहाणेंचं ‘असो’. मोठ्या मासिकांनी दार लावलं तर स्वतःचं यंत्र फिरवायचं, अंक परवडेल तेव्हा काढायचा, नाही परवडला तर नाही. नावातच ‘अनियत’.

तीही फार टिकली नाहीत, हे मुद्दाम सांगते. काही दोन-चार अंकांत संपली. पण शहाण्यांनी ‘प्रास’ प्रकाशन चालू ठेवलं आणि कोलटकरांच्या कविता तिथूनच आल्या. तुमचं घर-दुकानाचं वाक्य इथेही लागू पडतं बहुतेक.

एक विचारते, त्या सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास ज्यांना आठवतो ते कुणी आहेत का इथे? माझ्या आठवणीत तो रॉकेलसारखा आहे, भाऊ म्हणतो स्पिरिटसारखा.

---

सदाशिव_पेठी:

रॉकेल. शाळेत प्रश्नपत्रिका तशाच यायच्या. वास आला की पोटात गोळा.

---

रंकाळ्याचा_वारा:

मघाशी थट्टा केली, आता खरं सांगतो. मी आठ वर्षं बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवलाय. आमच्याकडे कार्यक्रमाला ‘सुपारी’ म्हणतात. विसार घ्यायचा, तारीख वहीत लिहायची. गणपतीत एकेका रात्री दोन-दोन सुपाऱ्या. फुटलो का माहितीय? वहीवरून. वही ज्याच्या घरी, तारखा त्याच्या हातात. एका सीझनला त्याने आमचीच एक तारीख दुसऱ्या पार्टीला दिली आणि त्यांच्यात स्वतः जाऊन वाजवून आला. आम्ही इकडे ट्रॉली सजवून, जनरेटर भाड्याने आणून वाट बघतोय.

हे लोक करार करत नव्हते म्हणता, आणि तरी इतकी वर्षं दुकान चाललं? वही कुणाच्या घरी होती?

---

पोटोमॅककाठचा:

वही त्याच भाड्याच्या घरात! तेच ऑफिस, तेच तालमीचं तळघर, तेच राहायचं घर. ‘सॅलड डेज’च्या कव्हरवर बँड ज्या पायऱ्यांवर बसलाय त्या त्याच घराच्या. वही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती म्हणून असेल.

---

गुरुवारची_लाइट:

बरीच वर्षं वाचनमात्र होतो. या धाग्याने बोलतं केलं.

पुण्यात आमचा एक बँड होता, १९९९ ते २००१. पंक म्हणायचो, म्हणजे वाजवता येत नसे आणि ते कबूल करायची लाज नव्हती. तालीम कोथरूडच्या एका सोसायटीच्या पंपाच्या खोलीत. ड्रमवाल्याचे वडील सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून किल्ली मिळायची. सहा वाजता पाणी चढवायला मोटर लागायची आणि तिची घरघर अॅम्पमधून यायची. आम्ही ट्यूनिंगच त्या मोटरच्या सुराला करायचो. गंमत नाही, खरंच. मोटर नसली की आम्हाला बेसूर वाटायचं. गुरुवारी लाइट जायची, त्या दिवशी बादलीवर आणि अकूस्टिकवर. आमचं सगळ्यात बरं गाणं गुरुवारीच झालं.

स्वतःची सहा गाणी होती, चार मराठीत. एका कॉलेजच्या फेस्टिवलात वाजवायचं ठरलं. ऐन आदल्या दिवशी आयोजक म्हणाले, ओरिजिनल नको, सिनेमाची दोन गाणी बसवा, पब्लिक उठून जाईल. दोघांनी म्हटलं करू, निदान स्टेज तरी मिळेल. दोघांनी म्हटलं मग कशाला वाजवायचं. मी दुसऱ्या दोघांतला. तेव्हा मला मायनर थ्रेट माहीत नव्हता, पण मी अगदी इयन मकायच्या थाटात पंपाच्या खोलीत भाषण दिलं. तत्त्व वगैरे. बासवाला काही बोलला नाही. त्याने केबल गुंडाळली, नीट, कोपराभोवती आठाच्या आकारात, जशी तो नेहमी गुंडाळायचा, आणि चहा प्यायला चला म्हणाला.

चहा प्यायलो. बँड फुटला असं कुणी म्हटलंच नाही. ड्रमवाल्याला कॅम्पसमधून बंगलोरला नोकरी लागली. पंपाच्या खोलीला नवीन कुलूप आलं.

इथे वाचलं की जेफने इयनला तोंडावर विचारलं, तू स्वतःबद्दल बोलतोयस की आम्हाला शिस्त लावतोयस? तर तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोललो असतो कुणास ठाऊक.

---

व्याकरणवेडी:

मोटरच्या सुराला ट्यूनिंग! यावर स्वतंत्र धागा काढा. चार मराठी गाण्यांचे शब्द आहेत का कुणाकडे?

---

गुरुवारची_लाइट:

नाहीत हो. एक कॅसेट होती, तीही पंपाच्या खोलीतल्या टेपरेकॉर्डरवर केलेली. कुणाकडे गेली आठवत नाही. एकाचा मुखडा आठवतो, तो पीएमटीच्या सुट्ट्या पैशांवर होता. इथे द्यायची हिंमत नाही.

---

तुळशीमाळ:

द्या की. पीएमटीच्या सुट्ट्या पैशांवर आम्ही भजनही करू.

---

धोबीतलाव:

पोटोमॅककाठचा, त्या चौघांचं पुढे काय झालं तेही टाका. म्हणजे आमच्यासारख्यांना कळेल कुणी कुठे लागला.

---

पोटोमॅककाठचा:

थोडक्यात. ब्रायन आधी ‘डॅग नॅस्टी’मध्ये, १९९४पासून ‘बॅड रिलिजन’मध्ये. लायल रेकॉर्ड कंपन्यांत काम करून पुढे वकील झाला. जेफ डिसकॉर्डमध्ये होताच, कव्हरांची मांडणी बरीचशी त्याचीच. इयनने १९८७मध्ये ‘फुगाझी’ काढला, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं आणि सगळ्या वयाच्यांना प्रवेश द्यायचा हे दोन नियम धरून. म्हणजे त्या पत्रकाच्या कोपऱ्यातली बॉलपेनची ओळ. तेव्हाच्या विल्सन हायस्कूलसमोरच्या फोर्ट रीनो मैदानात ते उन्हाळ्यात फुकट वाजवायचे. तिथे अजूनही उन्हाळी कार्यक्रम होतात, मागच्या वर्षी सतरंजी आणि चिवडा घेऊन आम्ही गेलो होतो. लेकीला बँड आवडला नाही, कुत्री आवडली.

मायनर थ्रेट पुन्हा एकत्र येऊन स्टेजवर वाजवायला मात्र कधी उभा राहिला नाही. पैसे मिळाले असते, भरपूर.

---

मुका_बास:

@गुरुवारची_लाइट

पंपाची खोली. बी विंगच्या मागे, दाराला हिरवा रंग, आत घोरपड निघाली होती एकदा?

त्या दिवशी चहाचे पैसे कुणी दिले ते सांग, म्हणजे खात्री पटेल.

---

गुरुवारची_लाइट:

कुणीच नाही. ड्रमवाल्याच्या वडिलांच्या खात्यावर लिहिले.

---

मुका_बास:

कॅसेट माझ्याकडे आहे. ए बाजूला मोटर जास्त ऐकू येते, बी बाजू गुरुवारची आहे. व्यक्तिगत निरोप पाहा.